चौथं छिद्र

ओलिव्हिओ, तू विचारतोस, जबड्यात काय भरून घेऊ.
मला विचारतोस, कारण सेतूबालच्या या तळघरात
बावीस वर्षं मी हाडं कापते, केसाहून पातळ,
निळा रंग चढवते, काचपट्टीवर ठेवते.
अहवालावर सही डॉक्टर तेलेश यांची. बघते मी.

प्रत्येक सशाच्या कवटीला चार छिद्रं.

एकात गाईचं हाड. भट्टीत घालून
त्यातली गाय काढून टाकलेली.
उरलेलं पांढरं, जाळीदार, हटवादी.
बारा आठवड्यांनी पाहिलं तर जागचं हललं नव्हतं;
नवं हाड त्याला वळसा घालून गेलं होतं,
आपण आईच्या शिवणयंत्राला घालतो तसा.

दुसऱ्यात फॉस्फेटचे दाणे. घाईचे.
हाड पोचायच्या आत विरघळून मोकळे,
मागे पोकळी, पोकळीत नुसते मऊ धागे.

तिसऱ्यात काच. हो, काचही भरतात.
तिच्या अंगाला हाड असं धरतं
की पातं लावलं तरी सुटत नाही.
मला ती आवडत नाही. का, ते विचारू नकोस.

मेलेल्या माणसाचं हाड एकदाच कापलं.
बाटलीवर आकडा होता, नाव नव्हतं.
त्या दिवशी दुपारचा डबा तसाच घरी नेला.

आणि तुझा समुद्रफेस, तू पोतं भरून आणलेला,
शेजारची इर्मेलिंदा पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवते तोच.
इथल्या पोरांनी तो दाबाखाली दोन दिवस शिजवला:
आतले मजले तेच, चुना मात्र हाडाचा झाला.
त्या मजल्यांवरून पेशी हिंडत होत्या
भाड्याची खोली बघायला आलेल्या जोडप्यांसारख्या.
काही राहिल्या. काही बघून गेल्या.
तुला हे ऐकून हसू येईल, जबडा दुखेल, हसू नकोस.

सगळ्यांत बरं तुझंच, कमरेतून खरवडलेलं.
त्याला ओळख पटवावी लागत नाही.
पण कंबर धरेल, जबड्याहून जास्त दिवस,
आणि तू तर मासळी विकली गेल्यावरसुद्धा
धक्क्यावर उभाच असतोस.

चौथ्या छिद्रात काही घालत नाही.
बाकीच्यांशी ताडून बघायला ते रिकामं लागतं.
बहुतेकदा वर पातळ पडदा धरतो, बस.
पण एकतीस नंबरच्या सशात
हाड कडेनं आलं, स्वतःहून,
गडद निळं, मधोमध येऊन भेटलेलं.
तेलेश म्हणाले, भोक लहान पडलं असेल, टाकून दे.
मी टाकली नाही. खणात आहे, हातमोज्यांच्या खाली.

तुला ती पट्टी दाखवणार नाही.
तू लगेच म्हणशील, मग मला काहीच नको,
आणि होडीवर जाशील.

गुरुवारी सातला ये, उपाशीपोटी.
कॉफीसुद्धा नाही.
मी त्यांना कमरेचं सांगून ठेवलंय.