तिसरा फॉर्म

ऐरोली, सेक्टर आठ, समाजमंदिराचा पहिला मजला.
खाली कराटेचा वर्ग, वर आम्ही:
चौदा जोडपी, अठ्ठावीस प्लास्टिकच्या खुर्च्या,
पेन्सिली मोजून आणलेल्या.
मी शिकवणारी नव्हे. मी मोजणारी.

पहिला फॉर्म शिबिराआधी.
दुसरा शिबिर संपताना, वडा आणि चहा यांच्या मधे,
तेव्हा सगळ्यांनाच सगळं जमत असतं.
ऐकून घेणं: पाच. पैशांबद्दल बोलणं: पाच.
सासरची माणसं: पाच, खोडून चार, पुन्हा पाच.
अक्षता पडायच्या आधी कोण कोणाला तीन देतं?

हर्षद मढवी तर वाकून वाकून
तिच्या कागदावरची उत्तरं बघत होता.
मी हटकलं नाही. वहीत लिहिलं: नक्कल.
मग खोडलं, लिहिलं: कुतूहल.
मग तेही खोडलं.

दुपारी भांडण शिकवलं.
ज्याच्या हातात कंगवा, त्याने बोलायचं.
दुसऱ्याने ऐकायचं, मधे ‘पण’ म्हणायचं नाही.
डझनावारी आणलेले गुलाबी कंगवे,
जाताना प्रत्येक जोडप्याला एक.

आता दीड वर्षाने तिसरा फॉर्म, फोनवर.
चौदातली अकरा जोडपी सापडली.
सरासरी साडेतीनवर आली आहे.
संस्थेच्या मॅडम म्हणतात, घसरण.
मला वाटतं, लोक आत्ता कुठे खरं सांगायला लागलेत.
तसा रकाना नाही.

रबाळ्याची प्रणिती सांगते,
कंगवा फ्रिजवर आहे. आम्ही दोघांनी कधीच उचलला नाही.
एकदा सासूबाईंनी उचलला.
खाली बसल्या आणि बोलल्या, पावणेदोन तास,
तेहेतीस वर्षांचं.
सासरे?
समोरच होते. टीव्ही बंद केला स्वतःहून.
‘पण’ नाही म्हणाले.

अहवालात सासूबाई लाभार्थी नाहीत.

आणि वेदश्री गावंड.
नवव्या दिवशी मोडलं तिचं.
हॉलचा अ‍ॅडव्हान्स बुडाला, वडील दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.
“घरखर्चाच्या तक्त्यात त्याने माझा पगार
स्वतःच्या नावाखाली लिहिला होता, मावशी.
पेन्सिलीनेच. मी खोडरबर पुढे केलं.
त्याने घेतलं नाही.”
एवढंच. मग म्हणाली, शिबिराला माझे पाच लिहा.

तक्त्यात तिची जागा ठरलेली आहे: गळती.
त्या शब्दावर बोट ठेवून मी बराच वेळ बसले.
नळ गळतो. केस गळतात.
ही तर उठून, चप्पल घालून, चालत गेली होती.

तुलनेसाठी दुसराही गट लागतो,
शिबिर न केलेल्यांचा.
त्यातलं एक जोडपं मला तोंडपाठ आहे.
सत्त्याण्णव साल, कोपरखैरणे, सिडकोची एक खोली,
स्टोव्ह, दोन ताटं,
आणि कोणी कोणाला काहीच न विचारलेलं.

रात्री त्याच्यापुढे कोरा फॉर्म ठेवते.
“हे काय आता?”
भर. एक ते पाच.
तो चष्मा शोधतो, डोक्यावरच असलेला.
पहिल्याच प्रश्नाला अडतो. ऐकून घेणं.
पेन्सिलीचं टोक बघतो. पंख्याकडे बघतो.
“तू किती दिलेस?”

बघायचं नाही, मी म्हणते,
आणि माझा कागद तसाच राहू देते,
त्याला दिसेल असा.