तुरट

परीक्षक आले सांबऱ्याच्या विमानतळावरून थेट अथणीला,
दारात गाडी चालूच ठेवून.
पांढऱ्या कापडावर सहा ग्लास,
चार नंबरच्या टाकीतली शिराज,
तेलसंग रस्त्याच्या बागेतली.

ग्लास फिरवला. नाक घातलं आत.
घोट तोंडात घोळवला
आणि थुंकले.
बादली माझ्या हातात होती.
भरमाण्णा माझ्या कानाशी : "छलो इल्ल काय की?"
म्हटलं, थुंकायचंच असतं, गप.

माझा बापही थुंकायचा.
हौदाच्या पाण्यात बोट बुडवून जिभेवर टेकवायचा,
हिरडा किती उतरला,
बाभळीची साल अजून किती मागतंय कातडं,
मग पिचकन् बाजूला.
"आजून दोन दिस."
गल्लीत त्याचा शब्द शेवटचा.
गल्लीच्या तोंडाशी मुकादम उभा असायचा, भाव घेऊन.

पंधरा दिवसांनी कागद आला.
ब्याण्णव. शंभरातले.
मगदूमसाहेबांनी तीनदा वाचला, मग मला म्हणाले,
मराठीत सांग सगळ्यांना. कन्नड भरमाण्णा सांगेल.
मी सांगू लागलो :
जांभळाची साल. काळी मिरी. ओलं कातडं,
आणि घशापर्यंत लांबत जाणारा उमदा तुरटपणा.

ओलं कातडं म्हणताना
माझा आवाज जरा खाली गेला.
ह्याच वासापायी शाळेत माझ्या बाकावर
दुसरं कुणी बसलं नाही चार वर्षं.
एस.टी.त बाया पदर लावायच्या नाकाला,
पायात आमचीच चप्पल, करकर वाजणारी.
आता तोच वास इंग्रजीतून फिरून आला
आणि मार्क घेऊन आला.

साडेसहाशेची बाटली दिवाळीपर्यंत अठराशे.
पुण्याचे फोन, बेंगळुरूचे फोन :
ब्याण्णव आहे का शिल्लक?
नाव कुणी विचारत नाही.
बागेपलीकडचा चौगुले बांधावर उभा राहून सांगतो,
पाणी एकच, माती एकच,
म्हणजे माझीही ब्याण्णवच धरा,
आणि बेदाण्याला टाकायची द्राक्षं
दुप्पट दरानं मागतो.

परीक्षकांनी गाव छापलंच नाही. नुसतं 'दख्खन'.
आम्हाला त्याचं काय नवल.
आमच्या वेशीवर नाव एका लिपीत,
घरात दुसऱ्या,
आणि कागदावर ज्याचा जो कागद तसं.

मागच्या खोलीत गेल्या सालची खोकी.
बाग तीच, टाकी तीच. तिला मिळाले अठ्ठ्याऐंशी.
चार गुणांचं अंतर, त्यावर वर्षाची धूळ.
मला विचाराल तर तीच बरी होती,
जरा हट्टी, पण बरी.
मला कोण विचारतं.
साहेब म्हणाले, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधू या,
वाण तर एकच आहे,
बघू गुण लागतोय का.
लागला. महिन्यात खोली रिकामी.

मी सोनेरी गोल चिकटवतो,
दिवसाला चारशे.
अंगठ्यानं दाबून, मधून कडेला,
खाली हवा राहिली तर फुगतो ब्याण्णवातला नऊ.
हा अंगठा असाच दाबायला शिकलाय,
कुठल्या पाटावर ते हाताला आठवतं.

एक बाटली फुटक्या लेबलाची, घरी नेली.
बापानं पितळी वाटीत घेतली,
बोट बुडवलं, जिभेला लावलं.
मी बादलीसारखा उभा.
तो थुंकला नाही.
डोळे मिटून बराच वेळ काहीतरी शोधत राहिला आत,
मग म्हणाला, "बाभळ न्हवं ही. पर बहीण हाय तिची."
"किती गुण देशील, आबा?"

त्यानं माझ्या पायाकडं बघितलं.
"टाच झिजलीया डावी," म्हणाला,
"काढ हिकडं."