तीन आत, एक बाहेर

अजमान, रात्रीचे पावणेदोन.
एसी असा की अफ्राने अबायावर स्वेटर चढवलाय
आणि माझ्या पायात मोज्यांचे दोन जोड.
बशीत उंदराच्या धमनीतल्या पेशी,
रंग पिऊन बसलेल्या, अजून काळ्याच.

एक थेंब सोडते.
पेशीच्या दाराशी कान लावून बसलेला ग्राही असतो,
त्याला हाक मारायची ही रीत.
सात सेकंद काही नाही.
मग कोपऱ्यातली एक पेटते, हिरवी.
आतल्या कोठारातून कॅल्शियम सुटतं,
शेजारणीला कळतं, मग तिच्या शेजारणीला.

पेटण्याची गोष्ट सगळेच सांगतात.
मला पगार विझण्याचा मिळतो.

पडद्यात रुतलेलं एक प्रथिन
तीन सोडियम आत घेतं, एक कॅल्शियम बाहेर घालवतं.
पावती नाही, आभार नाहीत.
त्याच्यामुळे हाक संपते,
आणि संपते म्हणून पुढची ऐकू येते.

आज द्रावणातलं सोडियम काढून मी लिथियम घातलं.
(दोन किलोमीटरवर खाडी, तिथे हवं तेवढं मीठ.)
वाटलं, दार अडेल, उजेड रेंगाळेल.
अडलं नाही. उलटं फिरलं.
ज्या बिजागरीवरून कॅल्शियम बाहेर पडायचं
तिच्यावरूनच आत येऊ लागलं,
कोठार भरलं, सुटलं, पुन्हा भरलं.
एका हाकेला अकरा ओ.
मी मोजले. अफ्रानेही मोजले. तिचे बारा.

गुरुवारी एक्स्चेंजवर गेले होते.
चौदा वर्षं तोच काउंटर, काचेला तेच भोक,
पलीकडे बैजू, फॉर्म आधीच पुढे सरकवलेला:
मॅडम, नेहमीसारखे सावंतवाडीला?
म्हटलं, नाही रे, आज घ्यायचेत.
त्याने मान वर केली नाही, हे त्याचे उपकार.
फक्त फॉर्म परत ओढून दुसरा काढला, पिवळा.
पाठवणारा: धाकटी बहीण. कारण: घरखर्च.
सुधाकरची कंपनी मार्चमध्ये बंद झाली
हे त्या रकान्यात मावत नव्हतं.

अफ्रा विचारते, प्रथिन बिघडलं का?
नाही गं, ते तेच आहे.
बाहेरचं मीठ गेलं, एवढंच.

नळी बदलते. सोडियम परत सोडते.
एकेक हिरवा ठिपका मावळतो,
कोपऱ्यातली ती सोडून.
तिच्यासाठी आणखी चार मिनिटं थांबायचं ठरवतो.
चहा तळमजल्यावर आहे, पण उठत कुणीच नाही.