आईला न येणारे

तिसरीच्या वहीवर लाल शाईत शेरा होता : लक्ष नाही.
बसवंत शाळेत बोलेनासा झाला
त्याला तेव्हा दोन महिने होत आले होते.
मी त्याचं नाव काढून आणलं.
नंदगडच्या बाजारपेठेतून ही बातमी
माझ्या आधी आमच्या गिरणीत पोचली.

पहिल्या आठवड्यात मी शाळाच मांडली घरात.
खानापुरातून फळा आणला, पितळी घंटा,
भिंतीवर वेळापत्रक,
साडेदहाला गणित, सव्वाअकराला परिसर.
बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलेली मी
पदर खोचून उभी, हातात पट्टी.
ती मारायला नव्हती, रेघा मारायला होती.
तो मात्र पट्टीकडेच बघायचा.

चौथ्या दिवशी त्यानं करंगळी वर केली
आणि विचारलं, "बाई, जाऊ?"

बाई.
स्वतःच्या घरात, स्वतःच्या मोरीकडे जायला.

घंटा त्याच संध्याकाळी देव्हाऱ्यात गेली.

मग आम्ही खाली गिरणीत बसायला लागलो,
पिठानं पांढऱ्या झालेल्या बाकावर.
डब्यांची रांग लावणं त्याच्याकडे.
नाचणीमागे गहू लावला तर कोण भांडतं,
कुणाच्या झाकणावर नाव कानडीत,
कुणाच्या मराठीत,
कुणाच्या नुसता खिळ्यानं ओढलेला चांद.
सव्वातीन किलो जोंधळे, किलोला पाच रुपये :
"सोळा रुपये, वर चार आणे.
पण चार आणे आता कुणीच देत नाही.
मग ते जातात कुठं?"

मला सांगता येईना.
त्यानं कोळसा घेतला, भिंतीवर लिहिलं :
आईला न येणारे.
खाली एक आकडा, पुढं चार आणे.

गंगव्वा हुलिकट्टी डबा ठेवता ठेवता
त्याला कानडी देते, सुट्टे पैसे द्यावेत तशी.
ओंदु, एरडु, मूरु.
त्यांच्यात घराला मने म्हणतात.
हा दिवसभर तेच घोळवत होता.
"आपल्या पुस्तकात मुलांची मने आहे ना?
मग मुलांची किती घरं?"
मी दळणाचं निमित्त करून उठले.

लग्न होऊन चंदगडाहून इकडे आले त्याला अकरा वर्षं झाली,
विजेचं बिल मला अजून वाचता येत नाही.
आता तो बोट ठेवतो, मी अक्षर लावते,
अडखळते, तेच तेच चुकते.
तो पट्टी शोधत नाही.

रोज असं होतं असं नाही.
परवा सातचा पाढा पाचव्यांदा घसरला
आणि मी पुस्तक भिरकावलं, थेट कोंड्याच्या पोत्यात.
दुपारभर दोघंही जेवलो नाही.
"कितवीला हाय गे पोरगं तुझं?" बाजारात विचारतात.
मी म्हणते, चौथीला.
आवाज मात्र पहिलीतला निघतो.
रात्री छताकडे बघत मोजते :
परीक्षा कुठून द्यायची, मित्र कुठून आणायचे,
आणि मीच चुकले असेन तर
तो शेरा कुणाच्या वहीत पडणार.

काल भर दळणात वीज गेली.
पट्टा सैल पडला, कानात एकदम पोकळी.
अंधारातून त्याचा आवाज, तीन हातांवरून :
"आई, वीज गेली तरी चाक फिरतंय की अजून.
कोण फिरवतंय?"

शब्द माझ्या जिभेवर होता.
पुस्तकातला, पाठ केलेला, दोन गुणांचा.
मी तो गिळला.

"लिही भिंतीवर," म्हटलं.

"अंधारात?"

"हं. सतरावा."

कोळशाचा खरखर आवाज आला.
मग तोही थांबला,
आणि चाक संपेपर्यंत आम्ही दोघं
काही न बोलता ऐकत बसलो.