तेरावी पायरी

आमच्या टेकडीवरची रुळांची लिफ्ट बंद आहे.
पाटी म्हणते, दुरुस्ती चालू.
पाटीलाही आता गंज चढलाय.
म्हणून वालपराइसोत आम्ही पायांनीच समुद्राकडे उतरतो:
मी, छातीशी बांधलेली रायेन,
आणि आमारो, वय साडेतीन,
जो पायऱ्या मोजतो.

उतरतो म्हटलं खरं.
आधी घरातून निघावं लागतं.
डावा बूट पायात, उजवा पावाच्या टोपलीत.
उजवा सापडला, तर मोजा "ओरडतोय".
मोजा उलटा केला, त्याची समजूत काढली,
तोवर रायेनने सकाळचं दूध
माझ्या खांद्यावर व्याजासकट परत केलं.
इस्त्रीचा तो एकच ब्लाउज होता.
वर शाल घेतली. जग शालीवर चालतं.

एक. दोन. तीन.
तिसऱ्या पायरीवर गोगलगाय.
आधी तिला जाऊ द्यायचं, असा नियम आहे.
नियम कुणी केला हे विचारायचं नाही, असाही आहे.
गोगलगायीला घाई नाही.
तिला दुकान उघडायचं नाही,
दोन दिवस उशीर झाला की एक दिवसाचा पगार, असलं काही नाही.

बारापर्यंत सगळं सुरळीत.
मग तो थांबतो, एक पाय वर, बगळ्यासारखा.
"तेरा झोपलीये."
आणि तिला ओलांडून, हुश्श करून,
"चौदा!"
मीही ओलांडते. पोरगी, पिशवी, छत्री सगळ्यांसकट.
एकदा विसरून पाय दिला,
तर अर्धा तास तिची माफी मागत बसलो.

चव्वेचाळीसच्या आसपास दोन्या एदुविहेस खिडकी उघडते.
मायेनेच विचारते बिचारी,
"किती झाल्या रे राजा?"
झालं. आकडा सांडला.
"परत!" म्हणतो आमारो, आणि वर चालू लागतो.
मी त्या बाईला मनातल्या मनात
चव्वेचाळिसाव्या पायरीवरून ढकलते,
आणि हसून म्हणते, "बुएनोस दियास."

एकदाच उचलला होता.
काखेत, पिठाच्या पोत्यासारखा, आणि धावले.
आधी तो फळी झाला, मग जेलीफिश,
मग नुसता आवाज.
धक्क्यावर पहुडलेल्या समुद्रसिंहांनी माना वर केल्या.
खिडक्याखिडक्यांतून सल्ले आले:
भूक असेल. थंडी असेल. जंत असतील.
गॅसवाला सिलिंडर बडवायचा थांबला,
म्हणाला, "बाई, हा माझ्यापेक्षा भारी."

निबाल्दो जहाजावरून रविवारी फोन करतो.
पडद्यावर दोघं शेजारी शेजारी, केस विंचरलेले.
"किती शहाणी झालीत गं!"
हो, म्हटलं. फोनमध्ये शहाणीच असतात.
आत ठेवून घे त्यांना थोडे दिवस.

दोन एवारिस्तोंच्या बटणांच्या दुकानात
आता मला कुणी उशिराचं कारण विचारत नाही.
ते चष्म्यावरून बघतात:
"आज किती निघाल्या?"
एकशे सोळा, मी सांगते. काल एकशे तीस होत्या.
ते वहीत लिहून ठेवतात. का, कोण जाणे.

गुरुवारी सासूबाई आल्या, दोघांना ठेवून घेतलं.
एकटी उतरले. हात मोकळे,
इतके की कुठे ठेवावेत कळेना.
सोबत फक्त मिनिस्त्रो,
पायऱ्यांवरचा कुत्रा, कुणाचाही नाही,
रोज आमच्याबरोबर खाली येणारा,
आमच्यातला एकटाच वक्तशीर.
धुक्यात बंदर दिसत नव्हतं, नुसते भोंगे.
मी भराभरा निघाले, अर्ध्यात पोचले,
तर मागे पावलं नाहीत.

वळून पाहिलं.
मिनिस्त्रो बाराव्या पायरीवर बसलेला,
एक पाय वर,
माझ्या पाठीमागे कुणी येतंय का बघत.
चल, म्हटलं. शिट्टी वाजवली. पाव दाखवला.
हलेना.

दोन्या एदुविहेसची खिडकी उघडत होती तेवढ्यात
मी इकडेतिकडे बघून, जमेल तितक्या बारीक आवाजात,
"चौदा!"

उडी मारून आला.