तीन टिकल्या

वडगावात, विणकर सोसायटीच्या हॉलात
बंगळूरहून आलेल्या बाईंनी
आमच्या तळहातावर तीन-तीन टिकल्या ठेवल्या.
हिरव्या, गोल, मागून चिकट.
"आधी कशाचा शोध घेऊ, तुम्हीच सांगा.
जे महत्त्वाचं वाटेल, त्यावर लावा."

भिंतीवर तक्ता. वर कानडी, खाली इंग्रजी,
मधल्या फटीत कुणीतरी घाईनं पेनानं मराठी.
कारणं. जनुकं. मेंदूची छायाचित्रं. औषध.

एकोणीस वर्षं सगळे मलाच विचारत आले:
दिवस असताना काय खाल्लंस, कुठं पडलीस,
गिराणात सुई धरलीस काय.
तुला काय विचारायचंय, असं कुणी म्हणालं नव्हतं.
आता म्हणाल्या,
तर कांडीवरल्या सुताचं टोकच सापडेना.

गोकाकची शिवलीला उठली.
पोरगी रात्री तीनला उठून हसत बसते,
झोप कुठल्या ओळीत आहे?
खडेबाजारचे दस्तगीर मामू म्हणाले,
दात दुखला तर धरायला आठ माणसं लागतात,
त्याचा शोध असतोय काय ओ?
बाईंनी नवी ओळ आखली. आणखी एक आखली.

मग मीही बोलले.
डॉक्टर म्हणाले होते, घरात एकच भाषा बोला,
पोर गोंधळतंय.
आमचा भरमा पाणी मागतो मराठीत,
नको झालं की म्हणतो, साकु.
दोनच शब्द आहेत त्याच्याकडं.
त्यातला कुठला काढून घेऊ?
हे कुणी तपासून बघितलंय
की नुसतंच सांगितलं?

बाईंनी पेनाचं टोपण काढलं,
लावलं, परत काढलं.
"मला माहीत नाही," म्हणाल्या.
एवढ्या वर्षांत डॉक्टरच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं.
बरं वाटलं. का, कोण जाणे.

"आणि त्याला दिल्या न्हाईत," दस्तगीर मामू म्हणाले.
कुणाला?
भरमाला.
तो माझ्या शेजारीच बसला होता की,
कानावर हात ठेवून, सकाळपासून.

बाईंनी त्याला टिकल्या दिल्या.
तो तक्त्याकडं गेलाच नाही.
दाराजवळच्या बटणावर
एकीवर एक, तिन्ही लावल्या.

तेव्हा मला ऐकू आला वरचा पंखा.
टक्. टक्. प्रत्येक फेरीला एकदा.
चार मागांच्या खडखडाटात झोपणारं पोर माझं,
मला वाटायचं त्याला आवाजाचं काही नाही.

शिवलीलानं उठून पंखा बंद केला.
एप्रिलची दुपार, सगळ्यांच्या पाठी भिजल्या,
कागदानं वारा घेत सभा चालू राहिली.
भरमाचे हात खाली आले.

शेवटी मोजणी झाली. जनुकांना नऊ.
बटणावरच्या तीन कुठं धरायच्या,
यावर बाई आणि त्यांचा पोरगा
हळू आवाजात बराच वेळ बोलत होते.

मी एक टिकली झोपेला दिली, एक दोन भाषांना.
तिसरी घरी आणली, कांड्यांच्या डब्याला लावली.
ती ओळ तक्त्यावर नव्हती.
आखा म्हणून कुणी सांगितलं नाही,
मीसुद्धा.
भरमा समोर होता ना.