लाकडाचं सासर

ओझान विधवा. दोन पोरं, एक शेळी.
नॉर्मंडीच्या त्या रानात तिचा हक्क एवढाच:
वाऱ्यानं पाडलेलं, आपणहून वाळलेलं,
आणि आकडीच्या टोकाला येईल तेवढं.
कुऱ्हाड लावली तर दंड.

त्या हिवाळ्यात मठानं ठरवलं,
कुणाचा काय हक्क, सगळं लिहून ठेवायचं.
भिक्षू ओस्बेर बर्फातून आला,
शाईची कुपी काखेत धरून,
गोठू नये म्हणून.

म्हणाला, काय काय नेतेस ते सांग.
तिनं बोटं मोजायला घेतली:
बीचच्या काटक्या. ढलप्या. साल.
वाळला नेचा. काटेरी झुडपं.
कावळ्याचं पडकं घरटंसुद्धा,
ते तर भुर्रकन पेटतं.

ओस्बेरकडे एवढं कातडं नव्हतं.
‘सगळ्याला मिळून एकच शब्द सांग, बाई.’
तिला कुठला ठाऊक असायला?
तिनं चुलीकडे बोट केलं:
‘हिचं. हिचं जे काही असतं, ते.’

लॅटिनमध्ये चुलीला म्हणत फोकस.
हो, तोच,
आपण कॅमेरा डोळ्याला लावून शोधतो तो.
चुलीचं जे, ते फोकालिया.
ओस्बेरनं लिहिलं, वर फुंकर मारली.

म्हणजे बघा,
झाड जन्मलं रानात, वाढलं रानात,
आणि नाव लागलं सासरचं.
अजून उंबरा ओलांडला नव्हता
तोच राखेच्या घराण्यात नोंद.

आपल्या इंधनाचं तसं नाही.
त्याच्या पोटात नुसता धातू आहे, इन्ध्, पेटणं.
ना माहेर ना सासर.

तो दुसरा मात्र गलबतात बसून
इंग्लिश खाडीपार गेला,
तोंडातोंडी झिजून फ्युएल झाला.
त्यात कोळसा मावला, रॉकेल मावलं,
युरेनियमच्या कांड्याही.
कुणाला नाही म्हणाला नाही.
चूल तेवढी बाहेर राहिली.

द्येपच्या रस्त्यावर, पंपापाशी, पहाटे
एक बाई नळी धरून उभी आहे.
आकडे पळताहेत, तिची बोटं आखडलीत.
तिला ओझान माहीत नाही.
मला तरी कुठे? मी तिला
एका शब्दाच्या राखेतून उकरून काढली.

तरी सनद दिसते मला.
एका ओळीत काहीतरी खरवडलेलं,
कातडं तिथे पातळ झालंय, उजेड आरपार येतो.
मला वाटतं,
ओस्बेरनं आधी घरटंही लिहिलं होतं.